दाराजवळची खुर्ची

डॉक्टर, तुम्ही दिलेला फॉर्म भरायला घेतलाय. आधीच सांगते, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आलेत, चालवून घ्या. त्याचं कारण शेवटी येईल.

"व्यावसायिक पार्श्वभूमी आणि समुपदेशनाची पद्धत, दीडशे शब्दांत." खाली पाच रेघा आणि कोपऱ्यात "हसरा फोटो जोडावा." अहो, पाच रेघांत काय कपाळ बसणार माझं? तुमच्या केंद्रातल्या बाकीच्यांचं भिंतीवर लावलेलं वाचलं मी. "येणाऱ्या प्रत्येकाला मी सुरक्षित वाटेल अशी जागा देते." सगळ्यांनी एकाच दुकानातून आणल्यासारखं. हसू नका, मीही सोळा वर्षं तेच लिहीत आले. या खेपेला ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही असं ठरवलंय. कोरे कागद जोडतेय. सगळं वाचा आणि मग नोकरी द्यायची की नाही ते ठरवा.

तर पार्श्वभूमी अशी, की मी आयुष्यात दोन माणसांचे हात मोडलेत. दोन्ही उजवे, दोन्ही कोपरातून. पहिल्याबद्दल खोटं लिहिलं, दुसऱ्याबद्दल खरं.

पदवीच्या आधीची अकरा वर्षं मी मनोरुग्णालयात बायकांच्या वॉर्डात आया होते. अर्जात हे कधी लिहिलं नाही. काम म्हणजे भरवणं, न्हाऊ घालणं, चादरी बदलणं आणि धरणं. धरणं हेच मुख्य. एखादी बिथरली की हाक यायची, आणि मी धावायचे. मागून जायचं, एका हातानं मनगट, दुसरा हात तिच्या कोपराच्या वर, हात सरळ करून मागं वर उचलायचा. केवढीही दांडगी असो, गुडघ्यावर येते. उचलणं कुठं थांबवायचं, एवढंच काय ते शिकायचं असतं. माझ्यासारखी पकड कुणाची नव्हती. वॉर्डात मला सांडशी म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या वॉर्डात एक मास्तरीण होती. शाळेत शिकवायची पूर्वी. रोज सकाळी वहीत मोत्यासारख्या अक्षरात वॉर्डाची हजेरी मांडायची, रुग्ण, सिस्टर, आया सगळ्यांची. कुणाला त्रास नाही. एकच होतं, तिला खाटेवरून दार दिसावं लागायचं. एकदा छत गळायला लागलं म्हणून खाटा सरकवल्या, आणि तिची खाट खांबामागं गेली. तीन दिवस ती प्रत्येकीचा पदर धरून सांगत होती, "दार दिसत नाही हो. अहो, दार दिसत नाही." आम्ही म्हणायचो, दार काय पळून जातंय का?

चौथ्या दिवशी तिनं जेवणाचं ताट उचललं आणि कडेनं एका आयेच्या कपाळावर घातलं. कपाळ उघडलं. रक्त तिच्या डोळ्यांत, तोंडात, ती बोंबलत भिंत चाचपत फिरतेय. मी धावले तर मास्तरीण माझ्या मनगटाला चावली. दात हाडापर्यंत गेले. खूण अजून आहे, दाखवीन. माझं डोकं फिरलं. मी तिला वळवली, हात धरला आणि उचलला. ती लगेच गुडघ्यावर आली. अंग सैल सोडलं. "बस्स," ती म्हणाली, "बस्स."

मला ऐकू आलं होतं, डॉक्टर. स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी अर्धा श्वास जास्त उचलला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मोठ्या सिस्टरनी नोंदवहीत लिहिलं, "न्हाणीघरात पाय घसरून पडली." साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. "नोकरी प्यारी आहे ना तुला?" एवढंच बोलल्या. मी सही केली. आणि मग काय, रस्ताच सापडला सगळ्यांना. पुढच्या वर्षभरात त्या वॉर्डात सात जणी न्हाणीघरात घसरून पडल्या. एकीचा जबडा, एकीच्या दोन फासळ्या. न्हाणीघर कोरडं ठणठणीत असायचं. मास्तरीण डाव्या हातानं हजेरी मांडायला शिकली. अक्षर वेडंवाकडं, वही तीच. मी रोज तिच्यासमोर उभी असायचे आणि ती माझ्या नावापुढं रोज "गैरहजर" लिहायची.

मी ते काम सोडलं. एका दवाखान्यात खिडकीवर बसून चिठ्ठ्या फाडल्या, शिकले, पदवी घेतली, नोंदणी केली. तुमच्या फॉर्मला हवी असलेली पार्श्वभूमी इथून सुरू होते. मागचं मी पुसून टाकलं, असं मला वाटत होतं.

आता पद्धत.

आपल्याला शिकवतात की समुपदेशकानं दाराजवळ बसावं. समोरचा अंगावर आला तर निसटता येतं. मी नेमकं उलटं केलं. दाराजवळची खुर्ची येणाऱ्याची, आतली माझी. दार दिसलं की माणूस हात उगारत नाही, हे मास्तरणीनं मला शिकवलं होतं. मारकुटे नवरे, मुलांना पट्ट्यानं फोडणारे बाप, दुकानात सुरा काढणारे, सगळे माझ्याकडं यायचे. मी म्हणायचे, "बसा, दार तुमच्या हाताशी आहे. केव्हाही उठून जा." सोळा वर्षांत एकही उठून गेला नाही, एकानंही हात उचलला नाही. शिबिरांत मी हे छाती फुगवून सांगायचे. लोक लिहून घ्यायचे. माझी अक्कल माझ्याच खांद्यावर बसून मिरवत होती, दुसरं काय!

असं असताना तो वेल्डर आला.

कोर्टानं पाठवला होता. बारा बैठका पूर्ण करायच्या, आणि शेवटी मी लिहून द्यायचं की हा माणूस बायको-मुलीबरोबर राहायला योग्य आहे की नाही. तोवर तो भावाकडं, बायको आणि सहा वर्षांची मुलगी घरी. माझ्या सहीवर तो घरात शिरणार होता किंवा बाहेर राहणार होता. गोष्ट एवढीच होती, आणि ती पहिल्या दिवसापासून आम्हा तिघांना ठाऊक होती.

बायकोचे रुग्णालयाचे चार कागद फाइलमध्ये होते. चारही वेळा तिनंच लिहून दिलेलं, "जिन्यावरून पडले." मनगट, बरगडी, कानाचा पडदा, पुन्हा मनगट. घर तळमजल्यावर. ते माझ्या लक्षात आलं होतं, मी पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्हही केलं होतं. पुढं काही केलं नाही. म्हटलं, आता माणूस सुधारतोच आहे.

कारण तो खरंच छान शिकत होता हो! वेळेवर यायचा. हातांवर ठिणग्यांचे डाग, नखं मात्र स्वच्छ. दाराजवळच्या खुर्चीत टेकून बसायचा. रागाची वही भरून आणायचा. "कारखान्यात वाद झाला. कानशिलं तापली. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. शांत." मी शेरा द्यायचे, उत्तम. दहाव्या बैठकीला त्यानं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "मॅडम, माणूस बदलू शकतो ना?" आणि मी पाघळले. माझा आवडता झाला होता तो. एवढी अकरा वर्षं माणसं धरलेली बाई मी, पण दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात हे माझ्या लक्षात येऊ नये, म्हणजे कमालच.

अकराव्या बैठकीला मी त्याच्या बायकोला बोलावलं. समोरासमोर बोलणं होऊ दे, मग सही करू.

खोली लहान होती. आत शिरलं की डावीकडं दाराची खुर्ची, समोर टेबल, पलीकडं माझी खुर्ची, आणि कोपऱ्यात काचेचं पुस्तकांचं कपाट. खिडकीला गज. दाराला आतून कडी, कुणी मध्येच शिरू नये म्हणून. तो आधी आला. सवयीनं दाराजवळ गेला आणि मीही सवयीनं म्हटलं, "बसा, तुमचीच खुर्ची आहे." मग ती आली. उंबऱ्यात थबकली. त्याच्या खुर्चीकडं बघितलं, दाराकडं बघितलं, कपाटाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मी म्हटलं, "या ना, आत बसा." त्याच्या गुडघ्यांना चुकवून ती आत गेली आणि पर्स पोटाशी धरून खुर्चीच्या टोकावर बसली.

"इथं काहीही बोललं तरी चालेल," मी म्हटलं. "इथं तुम्ही सुरक्षित आहात."

"नक्की ना, ताई?"

"अगदी नक्की."

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि बोलायला लागली. खालच्या आवाजात, भाजीची यादी सांगावी तसं.

"हा रोज संध्याकाळी येतो. आत येत नाही, कोर्टानं मनाई केलीय ना. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभा राहतो. आम्ही जेवायला बसलो की मोठ्यानं श्वास घेतो. एक, दोन, तीन, चार. मग सोडतो, सहापर्यंत. म्हणतो, ऐक, राग आलाय पण मी श्वास घेतोय. मॅडमनी शिकवलंय. बघ किती सुधारलोय. दोन बैठका राहिल्या, मग आत येऊन श्वास घेईन. मुलगी टेबलाखाली जाऊन बसते, ताई. घास तोंडात तसाच."

मी त्याच्याकडं वळले. तो हसत नव्हता, चिडलेलाही दिसत नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता आणि श्वास घेत होता. मी शिकवल्याप्रमाणं, नाकानं आत. ओठ हलत होते. चार झाले. मग त्यानं न वळता हात मागं नेला आणि कडी लावली. दार त्याच्या हाताशीच होतं. मीच दिलं होतं.

सहापर्यंत त्यानं मोजलं नाही.

उठता उठता त्यानं बुडाखालची खुर्ची उचलली आणि टेबलावरून तिच्यावर घातली. पहिला घाव खांद्याच्या हाडावर बसला. तो आवाज मी ओळखते. दुसरा कपाटावर, काच खळ्ळकन तिच्या अंगावर आली. ती ओरडली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय होती तिला, नुसती आक्रसली. पळायला कोपऱ्यात जागा होती कुठं? तिसरा घाव तोंडावर. खुर्चीच्या पायानं खालचा ओठ फाटला आणि दोन दात टेबलावर माझ्या कागदांत येऊन पडले. तो बोलत होता, "सांग. अजून सांग. सुरक्षित आहेस ना? सांग की."

मी मधे घुसले. त्यानं कोपरानं मला उडवलं, माझं डोकं गजांवर आपटलं आणि डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. ती अजून थांबलेली नाही. तो चौथ्यांदा खुर्ची उगारत होता आणि तिनं पर्स चेहऱ्यासमोर धरली होती. पर्स! मेलं काय अडणार होतं पर्सनं!

तेव्हा समुपदेशक कुठं गेली कुणास ठाऊक. सांडशी उठली. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या मागं गेले, वर गेलेला हात मनगटाशी धरला, दुसरा हात कोपराच्या वर, सरळ केला आणि उचलला. पंचवीस वर्षं झाली होती, पण हात विसरले नव्हते. तो भला दांडगा गडी धाडकन गुडघ्यावर आला. खुर्ची सुटली. त्याचा गाल काचांत टेकला.

"सोडा, मॅडम," तो म्हणाला. "थांबलो. मी थांबलो."

ऐकू आलं. एका कानात शिट्टी होती, दुसऱ्यानं स्वच्छ ऐकू आलं. आणि मला बरं वाटत होतं, डॉक्टर. लाज वाटते लिहायला, पण अंगभर बरं वाटत होतं. त्याचा कोपर ताणत चालला होता, अजून थोडा, अजून थोडा, आणि तो आता बाईसारखा केकाटत होता म्हणून माझ्या मनाला गुदगुल्या होत होत्या. मी अर्धा श्वास जास्त उचलला. तोच ओल्या फांदीचा आवाज.

बाहेरून दार बडवत होते. मी त्याच्या पाठीवर गुडघा रोवून होते, मला हलता येईना. "कडी काढा," मी तिला ओरडून सांगितलं. ती कोपऱ्यातून निघाली, पण दाराशी जायला त्याच्यावरून जावं लागत होतं. ती त्याच्या पायांपाशी येऊन थांबायची, मागं जायची, पुन्हा यायची. तो नुसता कण्हला तरी भिंतीला चिकटायची. चार-पाच वेळा असं झालं. शेवटी डोळे मिटून ती हातापायांवर त्याच्या पोटऱ्यांवरून रांगत गेली, तळव्यात काचा रुतलेल्या, आणि कडी काढली. दाराच्या पांढऱ्या रंगावर तिचे लाल पंजे उठले होते.

रुग्णालयाच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तिच्या ओठाला नऊ टाके, हात गळ्यात. माझ्या डोक्याला पट्टी.

"ताई," टाके सांभाळत ती म्हणाली, "तुम्ही मला आत का बसवलंत?"

काय सांगणार? माझी पद्धत आहे, असं सांगू? ज्याला भीती वाटते त्याला दार द्यायचं, एवढं मी मास्तरणीकडून शिकले होते. आणि सोळा वर्षांत मी ते भीती दाखवणाऱ्यांना देत आले. कारण दाराजवळ बसणारा नेहमी तोच असायचा जो माझ्याकडं पाठवला जायचा. ज्यांना मार पडला त्या कधी माझ्या खोलीत आल्याच नव्हत्या. पहिली आली, ती मी कोपऱ्यात कोंबली.

मग तीच पुढं बोलली. "आता लिहिताना एवढं करा. तो पडला म्हणून लिहा."

"काय?"

"तो थांबला होता. मी बघितलं. त्यानंतर तुम्ही मोडला. तसं लिहिलंत तर त्याचा वकील म्हणेल, बिचारा, मॅडमनीच मारलं. मग दोन्हीकडून झालं म्हणतील आणि पाठवतील त्याला घरी. मी चार वेळा लिहून दिलंय, जिन्यावरून पडले. जिना कुठाय म्हणून एकानं विचारलं नाही. एकदा त्याच्या नावावर लिहा ना, ताई. काचेवरून पाय घसरून पडला. कोण विचारणार आहे?"

बरोबर होतं तिचं. शंभर टक्के बरोबर होतं, कुणीच विचारलं नसतं. मी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. "पाय घसरून" एवढं लिहिलंही. आणि मग कोरडं ठणठणीत न्हाणीघर आठवलं आणि त्या सात जणी. कागद फाडला. सगळं लिहिलं. खिडकीबाहेरचे श्वास, कडी, खुर्ची, दात. तो थांबला होता, हे. मला ऐकू आलं होतं, हे. आणि ती खुर्ची मीच त्याला दिली होती, हेसुद्धा.

कोर्टात त्याच्या वकिलानं तेवढाच भाग तीनदा वाचला. "समुपदेशक म्हणवणारी ही बाई स्वतः हिंसक आहे. माझ्या अशिलाला उपचार हवा होता, मिळालं काय?" वेल्डर पांढऱ्या प्लास्टरमधला हात सगळ्यांना दिसेल असा धरून बसला होता. चोराच्या उलट्या बोंबा, पण ऐकायला बऱ्या लागत होत्या. लोक माना हलवत होते. जेवणाच्या सुट्टीत बाहेर ती माझ्यासमोर आली.

"तुमचं मन हलकं करायला माझा जीव डावावर लावलात," ती म्हणाली. "माझा आणि पोरीचा. तुम्हाला कुणी दिला हो हा अधिकार?"

ती थुंकली असती तरी बरं वाटलं असतं.

सुट्टीनंतर न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "तो थांबल्यावर तुम्ही हात मोडला, हे तुम्ही लिहिलं नसतं तर कळलं नसतं. का लिहिलंत?"

मी मास्तरणीची गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. नोंदवहीतली सही, आणि पुढच्या सात जणी. "एकदा कुणी घसरून पडलं असं लिहिलं," मी म्हटलं, "की पुढं माणसं घसरून पडतच राहतात. कुणी बघत नाही फरशी ओली होती की कोरडी."

त्यांनी फाइल मागं मागं उलटली. चार कागद बाहेर काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चष्मा वर केला आणि तिला विचारलं, "तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे?"

"तळमजला," ती म्हणाली.

"शेजारीपाजारी, कामावर, कुठं जिना?"

"नाही."

"मग तुम्ही चार वेळा कुठल्या जिन्यावरून पडलात?"

ती वेल्डरकडं बघत नव्हती. उघड्या दाराकडं बघत होती. मग तिनं तारखांसकट सांगायला सुरुवात केली, आणि बराच वेळ सांगत होती.

त्याला दोन वर्षं आत टाकलं. माझी नोंदणीही दोन वर्षांसाठी रद्द केली आणि ते योग्यच केलं. बघा कसा योग, दोघंही बरोबरच सुटतोय. बाहेर पडताना मी तिच्याकडं गेले, तर तिनं तोंड फिरवलं. निकाल तिच्या बाजूनं लागला म्हणून तिनं मला माफ करावं असं थोडंच आहे!

आता कालचं. तुम्ही खोली दाखवून गेलात. मी तीन घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या, न मांडता. जो येईल त्यानं उचलून हवी तिथं ठेवावी, एवढीच आता माझी पद्धत. वळले तर दारात ती उभी. ओठावर व्रण, पुढचे दोन दात नवे बसवलेले. माझा पत्ता कुठून काढला विचारलं नाही.

"पुढच्या महिन्यात सुटतोय," ती म्हणाली.

"माहितेय."

"पोरगी आठ वर्षांची झाली. अजून झोपेत मोजते. चार नि सहा, चार नि सहा."

मी सगळं विचारलं, जे विचारायला हवं होतं ते. कुलपं बदलली का, शेजाऱ्यांना सांगितलं का, पोलिसांचा नंबर, शाळेत कळवलं का, दाराशी भरलेली पिशवी. सगळं तिनं केलं होतं. माझ्यापेक्षा जास्त केलं होतं.

"आणि एवढं करूनही तो आत आला तर?" ती म्हणाली. "श्वासबीस मला शिकवू नका. ते शिकवा. त्या दिवशी केलंत ते."

पुस्तकात याला नाही म्हणायचं असतं. मला पुस्तक पाठ आहे. मी म्हटलं, "आधी खुर्ची घ्या." तिनं एक खुर्ची उचलली, उंबऱ्यात मांडली, दार सताड उघडं ठेवलं आणि बसली नाही. मी तिच्याकडं पाठ केली आणि उजवा हात मागं दिला. "मनगट. दुसरा हात कोपराच्या वर. सरळ करा. आता उचला."

पहिल्या दोन वेळा जमलं नाही. तिसऱ्यांदा मी गुडघ्यावर आले. माझं तोंड भिंतीकडं होतं, दार दिसत नव्हतं. कोपरात कळ गेली ती थेट दातांपर्यंत.

"बस्स," मी म्हटलं. "थांबले मी. सोडा."

तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, तो एकदम थांबला. म्हणजे तिला ऐकू आलं. तिनं सोडलं नाही. मी भिंतीकडं बघत राहिले आणि मला भीती वाटली, डॉक्टर, खरीखुरी. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

मग तिनं सोडलं.

"अर्धा श्वास आधी सोडायचं," हात पोटाशी धरून मी म्हटलं. "तो थांबला म्हणाला की सोडायचं आणि पळायचं."

"तुम्ही सोडलं नव्हतंत," ती म्हणाली. आणि उंबऱ्यातल्या त्या खुर्चीवर बसली.

मोडला नाहीये. कोपर पपईएवढा सुजलाय, म्हणून हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय. पाच रेघांत यातलं काय छापायचं ते तुम्ही बघा. नोकरी द्या की नका देऊ, पण तिला मी मंगळवारी अकराची वेळ दिलीय. मुलीलाही आणणार आहे. तेवढी वेळ दुसऱ्या कुणाला देऊ नका.